मागच्या पाइपवरची पोरं

पाय ओले होते. आधी उजवा माझ्या खांद्यावर आला, मग डावा. पायांवरचं हळदीचं पाणी मानेवर उतरलं, तिथून कानामागून डोळ्यात गेलं. मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर तोल गेला असता आणि वरचा पोरगा पडला असता. वर शिरीष होता, क्लबच्या सेक्रेटरींचा मुलगा. खाली मी. आणि टीमचा कॅप्टन मी होतो.

हे जबलपूरचं आहे. क्लबचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी वाचलं तर त्यांना कळेलच.

बारपूजा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या लोकांना ती ठाऊक नसते. कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी इकडे बंगाली बाबू आले. त्यांच्याबरोबर फुटबॉलचं वेड आलं आणि ही चालही आली. बंगाली नव्या वर्षाच्या दिवशी गोलपोस्टच्या वरच्या आडव्या दांड्याची, म्हणजे बारची, पूजा करायची. बार धुवायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ बांधायची. माळ कॅप्टन बांधतो, हळदीच्या पाण्याने पाय धुऊन. त्या दिवशी कॅप्टनने पांढरा शर्ट घालायचा. मग एकेक खेळाडू उडी मारून बारला हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. तिथून सीझन सुरू. पुढे बंगाली बाबू रिटायर होऊन आपापल्या गावी गेले आणि क्लब मराठी घराण्यांच्या हातात आला. मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेली ही जुनी घराणी. कुणी वकील, कुणी प्रोफेसर, कुणी अधिकारी. चाल तेवढी राहिली.

आम्ही दुसरे मराठी. नागपूरकडचे बौद्ध. बाबा खमरियाच्या फॅक्टरीत होते, दारूगोळा भरायच्या सेक्शनला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. बाजारात कुणी मराठी बोलताना कानावर आलं की बाबांचा चेहरा खुलायचा. ओळख ना पाळख, जाऊन बोलायचे. घरी येऊन आईला सांगायचे, आज आपले लोक भेटले. सेक्रेटरी भाऊसाहेबही त्यांना आपलेच वाटायचे. किती गोड मराठी बोलतात, म्हणायचे. गोड तर ते बोलायचेच.

त्या वर्षी बंगाली नवं वर्ष आणि चौदा एप्रिल एकाच दिवशी आले होते. सकाळी बारपूजा, संध्याकाळी जयंतीची मिरवणूक. आईने एकच पांढरा शर्ट इस्त्री करून दिला, दोन्हीकडे चालेल म्हणून. बाबांनी फॅक्टरीतून सुट्टी घेतली होती. छातीवर निळी फीत लावून, सायकल धरून ते मैदानाच्या कडेला उभे राहिले. त्यांचा पोट्टा माळ बांधणार होता. मोहल्ल्यात त्यांनी आठवडाभर तेच सांगितलं होतं.

भाऊसाहेब माझ्याजवळ आले. मी माळ घ्यायला हात पुढे केला. ते म्हणाले, "तू दणकट आहेस, तू खाली राहा. शिरीष हलका आहे, तो वर जाईल."

बस, एवढंच. एक वाईट शब्द नाही. जात काढली नाही, आवाज चढवला नाही. पाठीवर थापसुद्धा मारली नाही, हेही आता आठवतं. मी खाली बसलो, शिरीष खांद्यावर चढला, मी उठून उभा राहिलो.

शिडी होती. ही गोष्ट मी आजवर विसरलेलो नाही. स्टोअररूमच्या भिंतीला लाकडी शिडी टेकवून ठेवलेली होती. खांद्यावर त्याचं ओझं घेऊन मी त्या शिडीकडेच बघत होतो.

माळ बांधून झाली. पोरं रांगेने उड्या मारून बारला हात लावू लागली. माझी पाळी आली. मी उडी मारणार तेवढ्यात भाऊसाहेबांनी माझं मनगट धरलं. शर्टाच्या बाहीवरून धरलं, कातडीला बोट लागू दिलं नाही. म्हणाले, "राहू दे. झालं आता." सकाळी ग्वारीघाटाहून नर्मदेचं पाणी आणून बार धुतला होता. माझ्या खांद्यावर पाय ठेवायला त्यांना विटाळ नव्हता. माझा हात बारला लागायला होता.

परत जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. मी बाजूने. खमरियाच्या रस्त्याला लागलो. बाबा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू हललास काहून नाही?"

मी म्हटलं, "तो पडला असता, बाबा."

त्यांनी सायकल पुढे ढकलली. नंतर कधी हा विषय निघाला नाही. शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर पिवळे पाय उमटले होते, बोटांसकट. आईने विचारलं तर मी सांगितलं की पडलो. तिने साबण लावला आणि हळद लाल झाली. मिरवणुकीला मी जुना शर्ट घालून गेलो.

बाबांना दिलेलं ते उत्तर मला तेव्हा बरोबर वाटलं होतं. गोची अशी आहे की ते आजही चूक वाटत नाही. वरचा पडला असता, खरंच पडला असता. पण असं का असतं की वरच्याने पडू नये ही काळजी कायम खालच्यानेच घ्यायची? खालच्याने घाम पुसायला जरी हात उचलला तरी दोष त्याचाच. त्यांनी मला दोरीने बांधलं नव्हतं. माझ्या चांगुलपणाने बांधलं होतं. हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं आणि त्याचा मला राग आहे. तो राग मी लपवत नाही.

मी स्टॉपर झालो, मधल्या फळीमागचा बचावपटू. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडलं. कोलकात्यात खालच्या डिव्हिजनला खेळलो, मग गोव्यात, मग देशाच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये. फार मोठा झालो नाही. पण हेडरला माझ्यासारखा उडणारा तेव्हा कमी होता. हवेत कुणी माझ्या वर गेलेला मला खपायचा नाही. कॉर्नर आला की समोरचा फॉरवर्ड माझ्या खांद्यावर हात ठेवून उडी घ्यायचा, तसं सगळेच करतात. मला मात्र तिथे हात लागला की डोकं फिरायचं. त्यापायी किती पिवळी कार्डं खाल्ली. कोच विचारायचे, तुझ्या खांद्याला काय झालंय रे. मी हसून टाळायचो.

कोलकात्याच्या क्लबात एका वर्षी बारपूजेची माळ माझ्या हातात दिली. टीममध्ये वयाने मी मोठा, म्हणून. शिडी लावली, मी चढलो, माळ बांधली, उतरलो. कुणी काही म्हटलं नाही, कुणाचं लक्षही नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती ती. मी मात्र खोलीवर जाऊन खूप रडलो.

आणखी एक गोष्ट तिकडची. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका सरावाच्या मैदानावर हलवता येणारा लोखंडी गोलपोस्ट होता. असा पोस्ट जमिनीत पुरलेला नसतो, नुसता ठेवलेला असतो. पुढचे दोन खांब आणि वरचा बार जड, मागे जमिनीवर टेकलेली चौकट हलकी. ज्युनियर टीमचा एक मुलगा सराव संपल्यावर बारला लटकला आणि झोके घेऊ लागला. हसत होता. पोस्ट त्याच्यासकट पुढे आला. लोखंड नुसतं जमिनीवर पडलं तर एक आवाज येतो. मध्ये कुणी असलं तर दुसरा येतो. आम्ही धावत जाऊन पोस्ट उचलला, पण उचलून उपयोग नव्हता.

तेव्हापासून कुठल्याही मैदानावर गेलो की मी आधी पोस्टला हात लावून बघतो. बारला हात लावून कपाळाला नेणारे वेगळे. मी तो हलतो का ते बघतो. बाबा फॅक्टरीच्या गेटमधून शिरण्याआधी असेच खिसे चाचपायचे, काडेपेटी तर राहिली नाही ना म्हणून. म्हणायचे, आमच्या सेक्शनला चूक करून शिकायची सोय नाही.

गुडघा गेला आणि खेळ संपला. बाबा त्याआधीच गेले होते. आई खमरियाजवळच्या रांझीला एकटीच होती. मी कोचिंगचं लायसन्स काढून जबलपूरला परत आलो, तेव्हा भाऊसाहेबांचाच फोन आला. आवाज थकलेला, मराठी तशीच गोड. आपला माणूस परत आला म्हणाले, आपल्याच क्लबात ये. लोक विचारतात, गेलास कशाला? गेलो, कारण शहरात तेवढं एकच हिरवं मैदान होतं. आणि वाटलं, माणसं बदलली असतील. मी कोलकात्याची शिडी बघून आलो होतो ना.

आता सगळा कारभार शिरीषच्या हातात होता. संध्याकाळी फी भरणाऱ्यांची अकॅडमी. सकाळी माझी पोरं, खमरियाच्या क्वार्टर्समधली, रांझीची, काही पनागरहून बसने येणारी. सकाळच्या पोरांना भाऊसाहेबांनी येऊ दिलं होतं, कारण स्पर्धा तीच जिंकून आणायची. कॅप्टन होती प्रज्ञा. मुलामुलींच्या एकत्र टीमची कॅप्टन, माझ्यासारखीच स्टॉपर. तिचे वडील पनागरच्या मंडीतून भाजीची गाडी चालवतात. घरी तिच्याशी मराठी बोलतात, ती उत्तर हिंदीत देते. माझ्याशी मात्र हट्टाने मराठीच बोलते, मोडकीतोडकी.

मैदान लग्नांना भाड्याने जायचं. जमिनीत पुरलेले जुने लाकडी खांब त्यासाठी उपटून टाकले होते आणि खड्डे सिमेंटने बुजवले होते. त्यांच्या जागी चाकं लावलेले लोखंडी गोलपोस्ट आणले होते. मांडव घालायचा असला की ढकलत कोपऱ्यात न्यायचे. पहिल्याच दिवशी मी पोस्टला हात लावला. तो हलला.

शिरीषला सांगितलं, खुंट्या ठोकू. तो म्हणाला, लॉन खराब होईल, भैया. मी ओमती बाजारातल्या दुकानातून लोखंडी खुंट्या आणून ठेवल्या होत्या, त्या कुणीतरी उचलून नेल्या. मग पोरांना घेऊन वाळूची पोती भरली आणि मागच्या चौकटीवर ठेवली. पुढच्या लग्नानंतर ती पोती आचाऱ्याच्या भट्टीपाशी सापडली, वारा अडवायला लावलेली. परत आणून ठेवली. परत गेली.

मार्चपासून वारं सुटलं. सकाळी मैदानावर पोचलो की पोस्ट काल होता तिथे नसायचा. कधी वीतभर पुढे आलेला, कधी तिरका झालेला, गवतात चाकांची ओळ उमटलेली. आसपास माणूस नाही. एका सकाळी पोस्ट तोंडावर पडलेलाच सापडला. जाळी जमिनीवर पसरलेली आणि बार गवतात रुतलेला. मी आणि चौकीदाराने मिळून उभा केला. शिरीषला दाखवलं तर तो म्हणाला, "कुणावर पडला नाही ना? मग झालं."

मला झोप लागेना. डोळा लागला की तो आवाज यायचा, दुसरा आवाज. पोरांना बारपासून लांब राहा म्हणून इतकं ओरडायचो की ती आपसात माझी नक्कल करायला लागली. पोरंच ती. मी पाठ फिरवली की कुणीतरी बारला लटकायचं. मला दिसत होतं की हे एक दिवस होणार आहे. कुणावर होणार तेवढंच कळत नव्हतं.

यंदा बंगाली नवं वर्ष आणि चौदा एप्रिल पुन्हा एका दिवशी आले. मी भाऊसाहेबांना आधीच जाऊन सांगितलं की कॅप्टन प्रज्ञा आहे, माळ ती बांधेल. शिडी मी धरीन, मागे पोती ठेवीन. भाऊसाहेब म्हणाले, हो हो, बघू. मी प्रज्ञाला सांगून टाकलं की पांढरा शर्ट घालून ये.

त्या सकाळी मी चुना घेऊन पलीकडच्या टोकाला मैदानाच्या रेषा आखत होतो. परत आलो तेव्हा पालक खुर्च्यांवर बसले होते, फोटोग्राफर आला होता. पोस्टच्या मागे पोती नव्हती. पोत्यांच्या जागी, मागच्या पाइपवर, माझी पोरं बसली होती. ओळीने, एकमेकांना खेटून. टोकाला प्रज्ञा, पांढऱ्या शर्टात. आणि समोर शिडीवरून शिरीषचा मुलगा आरव बारवर चढत होता, गळ्यात झेंडूची माळ घालून, पाय हळदीच्या पाण्याने ओले.

मी भाऊसाहेबांच्या खुर्चीकडे गेलो. ते आता काठी घेऊन बसतात. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "तुझी मुलं दणकट आहेत, ती खाली राहतील. आरव हलका आहे, तो वर जाईल."

तेच शब्द. इतक्या वर्षांनी, तोच गोड आवाज. त्यांना मागचं काही आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. आठवून बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं. माझी मान ओली झाली. हात लावून पाहिलं, घाम होता.

आणि मग मला दुसरी गोष्ट कळली. पोस्ट पडतो, हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी महिनोन्‌महिने सांगत होतो तेव्हा कुणाला पटत नव्हतं असं नाही. पटत होतं. आज स्वतःचं पोर वर चढवायचं होतं, म्हणून आज मागे वजन लागलं. वाळू नको, खुंट्या नकोत. आमची पोरं होती ना.

आरव बारवर घोडा करून बसला आणि त्याने माळ बांधली. फोटोग्राफर समोरून म्हणाला, बेटा, थोड़ा आगे झुको. आरव पुढे वाकला. मागची चौकट पोरांसकट जराशी उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. कुणीतरी हसलं. लहानग्या पोरांना झोपाळ्यासारखी गंमत वाटली. प्रज्ञाला नाही वाटली. तिने दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या आणि पाइप खाली दाबून धरला. वरचं पोर पडू नये म्हणून. तिला हे कुणी शिकवलं होतं? मला कुणी शिकवलं होतं?

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "सर, उठू?"

ती उठली असती तर आरव पडला असता, वरून लोखंड. ती बसून राहिली असती तर ती मी झाली असती. बाबा सायकल धरून माझ्या पाठीशी उभे आहेत असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलंच. तू हललास काहून नाही.

मी हललो.

प्रज्ञाला म्हटलं, थांब, मी सांगेन तेव्हा. पुढून बारखाली गेलो आणि दोन्ही हात वर केले. आरवला म्हटलं, बेटा, माझ्याकडे ये. तो घाबरलेलाच होता, लगेच आला. त्याचे ओले पाय माझ्या खांद्यांवर आले. यावेळी ते मी बोलावले होते. त्याला कमरेला धरून जमिनीवर ठेवला आणि त्याच्या आईकडे पाठवला. फोटोग्राफरला मागे सारलं. शिडी काढून लांब ठेवली. सगळे बघत होते. माझं काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं.

मग म्हटलं, "प्रज्ञा, उठ. सगळे उठा आणि मागे या."

पोरं उठली. मी खांबाच्या बाजूला उभा राहिलो आणि बारला बांधलेली माळ एका हाताने पुढे ओढली. जोर लावावा लागला नाही. पोस्ट क्षणभर चाकांवर थांबला आणि आला. अख्खा. बार गवतात रुतला, झेंडू उडाले, पुढच्या रांगेतल्या बायका खुर्च्या सोडून उठल्या.

तो आवाज मी ऐकला. पहिला आवाज होता, मध्ये कुणी नसल्याचा.

मग शिरीष धावत आला आणि ओरडू लागला, पागल है क्या, बच्चे मर जाते. मी त्याला म्हटलं, हेच मी वर्षभर सांगून राहिलो होतो. भाऊसाहेब काठीवर जोर देऊन उठले होते. मला वाईट वाटलं नाही.

ते म्हणाले, "तुला आम्ही आपला मानला."

मी म्हटलं, "आपला नाही मानला, भाऊसाहेब. वजन मानलं. मला पण, या पोरांना पण."

ते खाली बसले. बार आता जमिनीवर पडलेला होता, अगदी लहान पोराच्याही हाताला लागेल असा. कुणी हात लावला नाही. प्रज्ञा तो ओलांडून माझ्याकडे आली. तिच्या मागून बाकीची पोरं आली. आम्ही गेटमधून बाहेर पडलो.

संध्याकाळी मी तोच शर्ट घालून मिरवणुकीला गेलो. खांद्यांवर लहान पिवळे पाय होते. लोक विचारत होते, हे काय झालं. मी सांगत होतो. आधी आजचं सांगितलं, मग त्यावेळचं. मी तेव्हा पडलो नव्हतो, हेही सांगितलं. आई ऐकत होती. झेंड्याची काठी तिने माझ्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागली.

नोकरी त्याच दिवशी गेली. सकाळच्या पोरांना क्लबचं गेट बंद झालं. चार दिवसांनी ठाण्यात बोलावलं. तक्रार होती, क्लबच्या मालाची नासधूस आणि मुलांच्या जिवाला धोका. मी सगळं सांगितलं. तिथला साहेब काही वाईट माणूस नव्हता. चहा पाजला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, माफ़ी लिख दो, बात ख़तम, लिख दो कि आइंदा ऐसा नहीं होगा.

मी म्हटलं, "आइंदा भी होगा, साहब."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाहेर जाऊन विचार कर म्हणाला. विचार करण्यासारखं काही नव्हतं. प्रकरण अजून मिटलेलं नाही. अधूनमधून अनोळखी नंबरवरून फोन येतो. पलीकडून कुणी बोलत नाही किंवा प्रज्ञाच्या वडिलांच्या गाडीचा नंबर सांगून ठेवून देतं. प्रज्ञाच्या वडिलांना मी सांगितलं, पोरीला काही दिवस घरी ठेवायची तर ठेवा. ते म्हणाले, ती ऐकत असती तर ठेवली असती.

आम्ही रांझीच्या पलीकडे एका पडीक जागेवर खेळतो. गवत नाही, खडे आहेत, पोरांचे गुडघे फुटतात. पोस्ट लाकडाचे आहेत. पोरांनी कमरेइतके खड्डे खणले आणि खांब पुरले. मी रोज सकाळी जाऊन हलवून बघतो. हलत नाहीत. तिथे बारपूजा होत नाही आणि होणारही नाही. ज्याला बारला हात लावायचा आहे त्याने उडी मारावी.

पण एवढ्यावर मी थांबणार नाही. परवा संध्याकाळी क्लबवरून येत होतो. कुंपणातून बघितलं. तो पोस्ट त्यांनी पुन्हा उभा केला आहे. नवा रंग दिला आहे. चाकं तीच. खुंट्या नाहीत, पोती नाहीत. आरव त्याच्या खाली गोलकीपर म्हणून उभा होता, वारा सुटला होता आणि बार हलताना मला रस्त्यावरून दिसत होता. मी हाक मारली. चौकीदाराने मला ओळखून गेट लावून घेतलं.

शिरीषला निरोप दिला आहे, ठाण्यातही सांगून आलो आहे. जोवर ते लोक तो पोस्ट जमिनीत पुरत नाहीत तोवर मी येणार. गेट लावा, पोलीस बोलवा, काय करायचं ते करा. कुंपण मला अजून चढता येतं. आधी वर-खाली कुणी नाही ना, ते बघीन. मग पाडीन.